लाल न दिसणारी काच

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी शौर्याची अपेक्षा धरणार नाही. मला उंचीची भीती वाटते, सापाची वाटते, फौजदाराची वाटते. आणि डोंगरातल्या हिवतापाची तर इतकी वाटायची, की तळोद्यात सारी हयात काढूनही समोर दिसणारा सातपुडा मी चढून गेलो नाही. असं असून एके काळी सातपुड्याच्या फुलपाखरांतला जाणकार म्हणून चार लोक माझं नाव घेत. ज्यांच्याविषयी मी बोलायचो ती पाखरं मी त्यांच्या घरी जाऊन कधी पाहिलीच नव्हती. मी पाहिले ते त्यांचे फोटो, तेही काळे-पांढरे.

तेव्हा आमच्या भागाला पश्चिम खानदेश म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट आहे. मी तळोद्याच्या शाळेत चित्रकला शिकवत असे आणि नंदुरबारच्या एका फोटोवाल्याकडे सुट्टीत जाऊन काचा धुवायला शिकलो होतो. फोटो त्या काळी काचेवर निघायचा. अंधाऱ्या खोलीत ती काच औषधात धुवायची, मग तिच्यावरून कागदावर छाप घ्यायचा. एवढ्या भांडवलावर मला गाव ज्याला पाखरूसाहेब म्हणे त्याने बोलावून घेतलं.

हा निवृत्त इंग्रज गावाबाहेर आमराईला लागून असलेल्या बंगल्यात राहायचा. कुठल्या खात्यातून निवृत्त झाला ते मला कधी नीट कळलं नाही, विचारायची छाती नव्हती. त्याला एकच वेड होतं. सातपुड्यातल्या प्रत्येक फुलपाखराचा फोटो एका जाडजूड आल्बमात लावायचा, त्याखाली नाव आणि ठिकाण लिहायचं, आणि तो आल्बम विलायतेतल्या विद्वानांना द्यायचा. पण पायांना संधिवात आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. म्हणून डोंगर चढायला त्याने एक माणूस ठेवला आणि फोटो बघायला मला.

डोंगर चढणारा माणूस म्हणजे खात्र्या पावरा. धडगावच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा होता. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. काटक, कमी बोलणारा, माझ्याच वयाचा. साहेबाने त्याला कॅमेरा शिकवला आणि तो लाकडी डबा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि काचांची पेटी पाठीला बांधून खात्र्या तोरणमाळपर्यंत जाऊन यायचा. पाखरू हलून कसं चालेल? म्हणून तो थंडीत अगदी सकाळी, पंखांवर दव असताना त्यांना गाठायचा. ओल्या पंखांनी त्यांना उडता येत नाही. ऊन अंगावर येईपर्यंत उकिडवा बसून राहायचा आणि ऊन आलं की, पण पंख वाळण्याच्या आत, फोटो घ्यायचा. मला हे सगळं त्याच्याकडून ऐकून माहीत.

खात्र्याला लिहिता येत नव्हतं. पण कुठली काच कुठल्या ठिकाणची हे तर कळायला हवं. त्यावर त्याने स्वतःच तोड काढली. प्रत्येक काचेच्या वेष्टनाला तो एक सुती दोरा बांधायचा. दोऱ्याच्या गाठी म्हणजे ठिकाण, एक गाठ धडगावची, दोन गाठी अमुक नाल्याच्या, अशा. आणि दोऱ्याचा रंग म्हणजे पाखराचा रंग. अंग लाल असेल तर लाल दोरा, पंख वरून निळे असतील तर निळा. साहेबाला ही युक्ती इतकी आवडली की त्याने रंगीत दोऱ्यांची रिळं मागवून दिली.

माझं काम सांगतो, फोटोतलं पाखरू ओळखून त्याचं नाव लिहायचं. कधी दोन पाखरं सारखी दिसतात, कारण त्यातलं एक दुसऱ्याची नक्कल करतं. एकाला कडू चव असते, पक्षी त्याला खात नाहीत. दुसरं बिचारं गोड असतं, म्हणून ते कडूचे कपडे घालून फिरतं. मला ही नक्कल करणारी पाखरं फार जवळची वाटायची. भिऊन वेषांतर करणाऱ्यांची जात आपलीच. त्यांना ओळखायच्या खुणा असतात. तांबूस पंखांची एक जोडी आहे, तिच्यात मागच्या पंखाच्या मध्यावर तीनचार काळे ठिपके असले तर अस्सल, आणि मधला भाग कोरा ठेवून कडेला एकच ठिपका असला तर नक्कल. हे काळ्या-पांढऱ्या फोटोतही भिंगातून दिसतं. लहान निळ्या पाखरांचं मात्र नाव काढू नका. नखाएवढी असतात, सगळी एकसारखी, आणि त्यांचे ठिपके मोजता मोजता माझ्या डोळ्यांना पाणी यायचं.

एकदा खात्र्याने आणलेल्या काचेत फांदीवर एक वाळकं पान निघालं. नुसतं पान. देठासकट, मधल्या शिरेसकट. मला राग आला.

"खात्र्या, पानडाना फोटो काढी लयना का तू? साहेब देखी तं मारी."

त्याने फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मला परत दिला.

"पानडाले पाय ऱ्हातस का, मास्तर? मोज."

भिंग लावलं. पानाला पाय होते. दोरा निळा होता, म्हणजे पंख उघडल्यावर आतून निळं. साहेबाच्या पुस्तकात शोधलं तर ते पाखरू सापडलं, मिटलं की वाळकं पान आणि उघडलं की निळं. निळा दोरा नसता तर त्याचं तांबडं भावंड समजून मी चुकीचं नाव लिहून बसलो असतो, कारण मिटलेल्या पंखांत दोघांत फरक दिसत नाही. साहेबाने त्या दिवशी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली आणि दोऱ्याचं नाव काढलं नाही. माझ्या चुकीची सुरुवात तिथेच झाली असं आता वाटतं.

आता मूळ गोष्ट. काळ्या पंखांची, शेपटीवाली एक जोडी आमच्याकडे आहे. पंखांवर पांढरे पट्टे, कडेला लाल ठिपके. पंख दोघींचे जवळजवळ सारखे. फरक अंगात. अस्सल असेल तिचं अंग लालभडक, आणि नक्कल करणारीचं काळं. इंग्रजी नावं माझ्या जिभेला वळत नसत, म्हणून मी घरगुती नावं ठेवली होती, कुंकवाळी आणि काजळी. साहेबही मग तेच म्हणू लागला, त्याच्या तोंडी ते फार गमतीदार वाटायचं.

एका हिवाळ्यात खात्र्याने तोरणमाळच्या तलावाकाठच्या बारा काचा आणल्या. मी धुतल्या, छाप घेतले, भिंगातून पाहिलं, दोऱ्यांकडे लक्षच दिलं नाही. बाराही ठिकाणी अंग काळंभोर. मी बाराही फोटोंखाली काजळी असं लिहिलं आणि वही साहेबापुढे ठेवली.

साहेब खुर्चीतून उठलाच. त्याचं म्हणणं असं, की जिथे अस्सल नाही तिथे नक्कल राहूच शकत नाही. पक्ष्यांनी कडू चाखलंच नसेल तर तिच्या कपड्यांना कोण भिणार? आणि इथे तर बाराच्या बारा नकला! कुंकवाळी एकही नाही! असं कुणी आजवर पाहिलेलं नव्हतं म्हणे. त्याने त्याच दिवशी विलायतेला पत्र लिहिलं आणि टपालात टाकायला मलाच दिलं. मी ते टाकलं. घरी जाताना मला जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं.

तीन-चार दिवसांनी साहेबाने वेष्टनं चाळायला घेतली. दोरे त्याने डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, मग मला बोलावलं. बारांतले नऊ दोरे लाल होते, तीनच काळे. साहेब हिंदुस्थानीत म्हणाला, "मास्तर, ये लाल क्यों?"

तिथे मी म्हणायला हवं होतं की पुन्हा पाहतो. पण त्याचा आवाज चढलेला होता आणि पत्र गेलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, त्याने दोरे चुकीचे बांधलेत."

 साहेब एकदम पेटला. नऊ दोरे खोटे, तर तीन वर्षांतले सगळेच खोटे कशावरून नाहीत? गाठी तरी खऱ्या कशावरून? हा माणूस वर जातो तरी का, की खालीच कुठे ताडी पीत पडून मनाला येतील ते दोरे बांधून आणतो? सगळा आल्बम खोटा! त्याने फौजदाराला चिठ्ठी पाठवली. खात्र्या दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या काचा न्यायला येणार होता.

त्या काळी डोंगरातल्या माणसावर साहेबाला फसवल्याचा आळ आला तर पुढे काय होतं, हे तळोद्यात कुणाला सांगावं लागत नसे. चावडीत आधी काठी, मग विचारपूस. आणि तो परत पाड्यावर कधी जाईल याचा भरवसा नाही. त्याची बायको आणि दोन लहान मुलं वर होती.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच मी बंगल्यावर गेलो. मन कशात तरी गुंतवावं म्हणून अंधाऱ्या खोलीत जाऊन राहिलेल्या काचा धुवायच्या तयारीला लागलो. त्या बारा काचा आणि त्यांचे दोरे साहेबाने पुरावा म्हणून माझ्याच ताब्यात दिलेले होते. दोरे मेजावर पडले होते. सहज म्हणून एक लाल दोरा उचलायला हात पुढे केला, आणि मला लाल दोरा दिसेना. मेजावर तीन काळे दोरे होते आणि नऊ पांढरट. लाल एकही नाही.

मी घाबरून दार उघडलं. उजेडात दोरे लालच होते. दार लावलं, पुन्हा पांढरट.

खोलीत लाल काचेचा कंदील जळत होता. लाल उजेडात लाल रंग उठून दिसत नाही, एवढंच ते होतं. पण तो कंदील तिथे का होता? फोटोच्या काचेला उजेड लागला तर ती नासते, पण लाल उजेडाने नासत नाही. आमच्या त्या काचेला लाल दिसतच नसे. तिच्या लेखी लाल म्हणजे अंधार. हे मला नंदुरबारच्या फोटोवाल्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि मी रोज त्या लाल कंदिलाखाली बसून काम करत होतो. ज्या काचेला कंदिलाचा लाल उजेड दिसत नाही, तिला पाखराचं लाल अंग कसं दिसणार? कुंकवाळी काय आणि काजळी काय, फोटोत दोघी काळ्याच निघणार. काळं अंग पाहून मी बारा नावं लिहिली होती. खात्र्याने आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं ते बांधून आणलं होतं.

मी तिथेच खाली बसलो.  बाहेर घोड्याच्या टापा ऐकू आल्या. फौजदार आला होता.

व्हरांड्यात साहेब खुर्चीत, शेजारी फौजदार, त्याच्या मांडीवर वेताची काठी. खाली अंगणात खात्र्या उकिडवा बसलेला, पाठीवरची पेटी अजून सोडलेली नव्हती. त्याला एवढंच कळलं होतं की दोऱ्यांवरून काहीतरी बिनसलं आहे.

फौजदार माझ्याकडे पाहून म्हणाला, "या मास्तर. हा खोटं बोलला असं तुमचं म्हणणं ना? एवढं कागदावर लिहून द्या, बाकीचं माझ्याकडे लागलं."

कागद माझ्या हातात आला. दौत टेबलावर होती.

खात्र्या अंगणातून म्हणाला, "मी जे देखं तेच बांधं, मास्तर. तू तं जाणस."

मी जाणत होतो. पण पुढे काय बोलायचं? मी चुकलो म्हणावं, तर साहेब विलायतेत तोंडघशी पडणार तो माझ्यामुळे. कंदिलाची गोष्ट शाळेतल्या पोरालाही कळेल अशी, ती फोटोच्या जाणकाराला कळली नाही! बंगल्याचं काम जाईल, साहेबाच्या एका चिठ्ठीने शाळाही जाईल.  कागद मी कोराच टेबलावर ठेवला.

शेवटी मी म्हणालो, "साहेब, दोरे कदाचित खरे असतील. धुवायचं औषध खराब झालं होतं. या बारा काचा काळवंडल्यात. यांच्यावरून काहीच सांगता येणार नाही."

साहेब माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मोतीबिंदू असला तरी ती नजर मला अजून आठवते. मग त्याने बाराही काचा वेष्टनं-दोऱ्यांसकट मागवल्या आणि एकेक करून व्हरांड्याच्या पायरीवर फोडल्या. वेष्टनं आणि दोरे अंगणात उडाले. विलायतेला दुसरं पत्र गेलं, की आधीचं पत्र रद्द समजावं, औषधाच्या दोषाने घोटाळा झाला. फौजदार कंटाळून उठला. जाताना त्याने खात्र्याला उगीचच एक काठी लगावली, आपण आलोच आहोत तर, अशी.

खात्र्या सुटला. मीही सुटलो. मनात म्हटलं, कुणाचंच वाईट झालं नाही.

तो फाटकाशी दंड चोळत उभा होता. अंगणात सांडलेले दोरे त्याने वेचून मुठीत धरले होते.

"मास्तर, औषध खराब व्हतं का?"

त्याच्याशी मला खोटं बोलवेना. "नही. मन्हं चुकनं. मी भ्यायनू, खात्र्या."

"मी बी भ्यायनू," तो म्हणाला. "फौजदारना हातमा काठी व्हती, तुन्हा हातमा कागद व्हता. माले तुन्हा कागदनं जास्त भ्या वाटनं."

त्यानंतरही तो कामाला येत राहिला. पण दुसऱ्या खेपेच्या काचा आल्या त्या नुसत्या वेष्टनात. गाठ नाही, दोरा नाही. ठिकाण तोंडी सांगे, तेही साहेबाला. मी विचारलं, "दोरा कोठे शे?"

"माले रंग नही समजतस, मास्तर. तू पुस्तक देख."

मी विनवण्या केल्या. तंबाखू पुढे केली. त्याने तंबाखू घेतली, दोरा दिला नाही. तिथून पुढची माझी वर्षं कशी गेली ते माझं मला ठाऊक. काळ्या अंगाची काच हातात आली की प्रश्न तोच. लाल की काळं? पंखांची ठेवण, शेपटीची लांबी, जे दिसेल त्यावरून अंदाज करायचा, आणि वहीत ठाम अक्षरात नाव लिहायचं. साहेबाला वाटे मास्तर तरबेज झाला. त्याची पाखरं पाहणारी नजर हळूहळू गेलीच, त्यामुळे माझं लिहिलेलं तपासणारं कुणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तपासणारं कुणी नाही याचीच धास्ती वाढत गेली. पुढे युद्ध सुरू झालं, साहेब आल्बम घेऊन निघून गेला. ती पानं विलायतेत कुठेतरी असतील, माझ्या ठाम अक्षरातल्या नावांसह. नावांची दुबार वही तेवढी माझ्याकडे राहिली.

गेल्या वर्षी तळोद्याच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी माझ्या ओट्यापाशी येऊन थांबली. मी ओळखलं नाही. खात्र्याची बायको होती. खात्र्या आदल्या पावसाळ्यात वारला होता. तिने पदरातून एक पुरचुंडी काढली.

"तो बोलना व्हता, हाई मास्तरले देजो."

आत एक लांब सुतळी होती आणि तिला ओळीने बांधलेले रंगीत दोरे. लाल, काळे, निळे, पिवळे. प्रत्येकाला गाठी.

"दर खेपले बांधे तो," ती म्हणाली. "तुले देत नव्हता. घर ठेवे."

मी तिला बसायला सांगितलं, पण तिच्या पाड्याकडे जाणारी गाडी सुटणार होती. ती गेली.

सुतळीच्या सुरुवातीला बारा दोरे आहेत, नऊ लाल आणि तीन काळे. तिथून पुढे खेपेमागून खेप, काचेमागून काच, अगदी शेवटपर्यंत. माझी वहीही त्या बारांपासून पुढे त्याच क्रमाने आहे. दोन्ही शेजारी ठेवली की माझं किती खरं आणि किती खोटं हे एका दुपारी कळेल. दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मागणी आली तेव्हा वाटलं, आधी ते करावं आणि मग लिहावं. तेराव्या दोऱ्याला बोट लावलं. तो लाल होता. वहीत मी काजळी लिहिलं होतं. चौदाव्याला बोट लावायचा धीर अजून झालेला नाही. सुतळी आणि वही दोन्ही कपाटात आहेत आणि कपाटापुढून जाताना मी नजर दुसरीकडे वळवतो.

साहेब आता नाही, फौजदार नाही, खात्र्याही नाही. व्हरांड्यात जे बोलायचं होतं ते ऐकायला कुणी उरलं नाही, आणि तरी हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. तेव्हा फौजदाराने पुढे केलेल्या त्या कागदावर जे लिहायला हवं होतं, ते या कागदावर लिहितो.

साहेब, औषध चांगलं होतं. दोरे खरे होते. चुकलो तो मी.